तार्निएची पेटी: वीज नसताना पॅरिसमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळं कशी जगवत?

टाकणखार

नववीच्या मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी जुन्या इनक्यूबेटरची लाकडी प्रतिकृती करून घ्यायची आहे. १८८० च्या दशकातली, पॅरिसची, विजेशिवाय चालणारी. आत बाहुली ठेवायची, गरम पाणी घालायचं आणि थर्मामीटर खरोखर चढलेला दिसला पाहिजे.

अडचण अशी की नेटवर सगळीकडे एकच गोष्ट फिरते. डॉक्टर प्राणिसंग्रहालयात गेले, कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून बाळं वाचू लागली. एवढ्यावर फलक लिहिला तर परीक्षक दोन प्रश्नांत पोरांची दांडी गुल करतील.

म्हणून जाणकारांना विचारतो. कोंबडीची गोष्ट कितपत खरी? पेटीची मापं काय होती, ऊब कशी राखत? ज्या बाळाला चोखताच येत नाही त्याच्या पोटात दूध कसं जाई? आणि जत्रेत तिकीट लावून जिवंत बाळं दाखवत असत हे खरं, की कुणीतरी सोडलेली पुडी?

तांब्याची_किटली

कोंबडीची गोष्ट खरी आहे, फक्त तिथून सुरुवात झाली असं मानू नका. स्तेफान तार्निए हे पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहातले प्रसूतितज्ज्ञ. तिथे येणाऱ्या बायका बहुतेक गरीब, पुष्कळशा एकट्या. १८७८ मध्ये तार्निएंनी जार्दां दाक्लिमातास्यों या बागेत पक्ष्यांची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं. ते बनवणारे ओदील मार्तां. त्यांच्याकडूनच बाळांसाठी तसं यंत्र करून घेतलं आणि १८८० मध्ये ते मातेर्नितेत बसवलं. फ्रान्समध्ये तेव्हा १८७०-७१ च्या पराभवाची सल ताजी होती, जन्मदर घसरत होता, आणि लोकसंख्या घटते आहे ही सरकारची मोठी चिंता होती. दुबळ्या बाळांकडे अचानक लक्ष गेलं त्यामागे करुणेइतकाच हाही हिशेब होता.

पण ऊब देण्याची साधनं आधीपासून होती. सेंट पीटर्सबर्गच्या अनाथ बालकांच्या इस्पितळात १८३५ च्या सुमारास र्‍यूल यांनी दुहेरी भिंतीचं टब वापरलं. बोर्दोच्या दन्युसे यांनी १८५७ मध्ये जस्ताचं तसंच टब प्रसिद्ध केलं. लाइपझिगला प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांच्याकडे तांब्याची टबं वर्षानुवर्षं चालू होती, आणि तार्निएंचा बोलबाला झाल्यावर १८८४ मध्ये त्यांनी ‘हे आमच्याकडे केव्हापासून आहे’ असं लिहूनही टाकलं. या सगळ्यांत दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत गरम पाणी, आणि वरून टब उघडं. म्हणजे बाळाची पाठ उबेत, पण तोंडावर खोलीची थंड हवा. तार्निएंच्या पेटीचं वेगळेपण एवढंच की ती बंद होती आणि बाळाभोवतीची हवा गरम करत होती. फलकावर हा फरक आधी लिहा, कोंबडी त्यानंतर.

आता यंत्राकडे. पहिला नमुना अवजड होता. दुहेरी लाकडी भिंती, मधे लाकडाचा भुसा. खालच्या कप्प्यात सुमारे ६० लिटर पाण्याची टाकी, बाहेर बंब आणि त्याखाली दिवा. गरम झालेलं पाणी हलकं होऊन वरच्या नळीनं टाकीत जाई, गार झालेलं खालच्या नळीनं बंबात परत येई. पंप नाही, काही नाही. वरच्या कप्प्यात एकाहून अधिक बाळं मावत. दोष दोन. एवढं पाणी तापायला वेळ लागतो आणि एकदा तापलं की दिवा विझवला तरी हवा चढतच राहते, त्यामुळे वेळेवर न विझवणारी व्यक्ती बाळाला भाजून काढू शकते. दुसरं, एकाच हवेत दोन-तीन बाळं म्हणजे एकाचा आजार सगळ्यांना.

म्हणून तुम्ही बनवावी ती पुढची साधी पेटी. तार्निएंचे सहायक ओव्हार यांनी १८८३ मध्ये तिचं वर्णन छापलं. बाहेरून साधारण ६५ सेंमी लांब, ३६ रुंद, ५० उंच, फळी २५ मिमी जाड. तळापासून सुमारे १५ सेंमीवर एक आडवी फळी, पण ती पूर्ण लांबीची नाही, एका टोकाला फट सोडलेली. खालच्या कप्प्यात चिनी मातीच्या बाटल्या, उकळत्या पाण्यानं भरून पक्कं बूच लावलेल्या. त्या सरकवायला बाजूला दार. हवा आत यायला खाली एक छिद्र, त्याचं तोंड कमीजास्त करता येतं. हवा बाटल्यांवरून सरकत फटीपाशी जाते, तिथे ओला स्पंज टांगलेला, मग वर चढून बाळावरून जाते आणि वरच्या लहान धुराड्यातून बाहेर. धुराड्यात हलक्या पात्यांची चकरी. चकरी फिरते आहे म्हणजे हवा खेळते आहे. वर काचेचं झाकण, घट्ट बसणारं. बाळाच्या शेजारी थर्मामीटर, काचेतून वाचता येईल असा.

स्पंज शोभेचा नाही. थंड हवा तापवली की ती कोरडी होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ असते, कोरड्या हवेत तिच्यातून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठात पाणी गार होतं त्याच न्यायानं बाळ गार होतं.

चालवायची रीत अशी. खोली १६ ते १८ अंशांवर असेल तर तीन बाटल्या ठेवायच्या. अर्ध्या तासात आत ३१-३२ अंश सेल्सिअस येतात, मग बाळ ठेवायचं. दोनेक तासांनी चौथी बाटली. त्यानंतर दर दीड-दोन तासांनी सगळ्यांत गार झालेली एकच बाटली बदलायची. मुलांना इथे थांबवून विचारा, चारही एकदम का नाही बदलायच्या? एकदम बदलल्या तर हवा आधी उसळते, मग दोन-तीन तास उतरत जाते. पाळीपाळीनं बदलल्या की चढउतार एकेका अंशात राहतो. थर्मोस्टॅट नव्हता, तर थर्मोस्टॅटचं काम या बदलायच्या पाळीनं केलं. रात्रीसुद्धा. म्हणजे यंत्र ५० सेंमी उंचीचं असलं तरी त्याचा अर्धा भाग रात्री जागणारी बाई होती.

प्रतिकृतीला १८ मिमी प्लाय चालेल. आतून रंग लावू नका, तापल्यावर वास मारतो.

रात्रपाळी

किटलीरावांनी पेटी छान उलगडली. दुधाचं मी घेते, कारण पेटीत उबदार ठेवून उपाशी मारलेली बाळंही त्या काळात भरपूर होती.

चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांनंतर बसू लागतो. त्याआधीच्या बाळाच्या तोंडात स्तन दिला तरी ते दोन घोट घेऊन थकतं किंवा दूध श्वासनळीत जातं. चमच्यानं थेंब थेंब देणं हा जुना उपाय, मातेर्नितेत नाकातून चमच्यानं देण्याची रीतही होती. तार्निएंनी १८८४ मध्ये नळीनं दूध देण्याची पद्धत मांडली. साधन अगदी साधं: मूत्रमार्गासाठी वापरतात तशी लाल रबराची मऊ नळी, फ्रेंच मापाच्या १४ ते १६ क्रमांकाची, आणि तिच्या उघड्या टोकाला काचेची छोटी वाटी, फनेलसारखी.

परिचारिका बाळाला मांडीवर घेई, डोकं किंचित उंच. नळी ओली करून जिभेच्या मुळापर्यंत नेली की बाळ आपसूक गिळतं आणि नळी अन्ननलिकेत उतरते. ओठांपासून साधारण १५ सेंमी आत गेली की थांबायचं. वाटीत दूध ओतायचं, ते स्वतःच्या वजनानं खाली जातं. दाबायचं नाही, पिचकारी नाही. सगळ्यांत महत्त्वाची पायरी शेवटची: थोडं थांबून नळी चिमटीत दाबून झटक्यात बाहेर काढायची. सावकाश ओढली तर नळीबरोबर दूधही वर येतं, घशात साचतं आणि बाळ ते श्वासात ओढतं.

मात्रा? अगदी लहान बाळाला एका वेळी ८ ग्रॅम, थोड्या मोठ्याला १५ ते २०. दर तासाला. पुढे तिथलेच प्रसूतितज्ज्ञ ब्युदां यांनी सरळ हिशेब दिला, की पहिले दहा दिवस सरले की दुबळ्या बाळाला दिवसाकाठी वजनाच्या पाचव्या हिश्शाहून किंचित जास्त दूध लागतं. १५०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला ३०० ग्रॅम धरा, २४ पाळ्या केल्या तर दर वेळी साडेबारा ग्रॅम. मुलांना हे गणित करू द्या, आणि साडेबारा ग्रॅम पाणी औषधाच्या मापात ओतून दाखवू द्या. परीक्षकांना त्याचं जे वाटेल ते नुसत्या आकड्यानं वाटणार नाही.

चुका दोन्ही बाजूंनी होत. कमी दिलं तर वजन घसरतं, बाळ निळं पडू लागतं. जास्त दिलं तर उलट्या, जुलाब आणि अंगावर सूज. या सुजेनं भल्याभल्यांना फसवलं, कारण काट्यावर वजन वाढलेलं दिसतं. तार्निएंनी स्पष्ट लिहिलं होतं की अशी सूज दिसली तर दूध कमी करा.

दूध आईचं, नाहीतर दाईचं, म्हणजे दुसऱ्याचं मूल अंगावर पाजणाऱ्या बाईचं. पिएर ब्युदां १८९५ मध्ये मातेर्नितेत आले. तिथे दुबळ्या बाळांचा स्वतंत्र विभाग १८९३ मध्ये मुख्य सुईण मादाम आंरी यांच्या पुढाकारानं सुरू झालेला होता, हे नाव फलकावर हवंच, एरवी सगळं श्रेय दाढीवाल्यांना जातं. ब्युदांच्या वेळी दायांना आपली बाळं बरोबर ठेवता येत. यात निव्वळ माणुसकी नव्हती. दुबळं बाळ जोरानं ओढत नाही, त्यामुळे दाईचं दूध आटतं. तिचं स्वतःचं धट्टंकट्टं मूल पीत राहिलं की दूध टिकतं. हीच युक्ती आयांसाठी: अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या अंगावर दाईचं मूल पाजायचं, म्हणजे बाळाला चोखता येईपर्यंत आईचं दूध चालू राहतं. आज स्तनपंप जे काम करतो ते तेव्हा दुसरं बाळ करत होतं.

ब्युदांचा दुसरा मोठा मुद्दा तापमानाचा, पण पेटीच्या नव्हे, बाळाच्या. बाहेरून आणलेल्या बाळाच्या गुदद्वारात थर्मामीटर लावून नोंद ठेवली. ३२.५ ते ३३.५ अंशांवर आलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के जगले, ३६ ते ३७ अंशांवर आलेल्यांपैकी ७७ टक्के. म्हणजे निम्मा निकाल पेटीत ठेवण्याआधी, घर ते इस्पितळ या रस्त्यात लागत होता. तुमच्या प्रतिकृतीपेक्षा हे दोन आकडे जास्त बोलके आहेत.

एक सूचना. नळीची कृती फलकावर इतिहास म्हणूनच लिहा. आज नळी कुठे पोचली याची खात्री केल्याशिवाय थेंबभरही दूध घालत नाहीत.

शेवगा

दोन्ही प्रतिसाद उत्तम. एक आकडा मात्र सगळीकडे डोळे मिटून छापला जातो, त्याबद्दल सावध करतो. ओव्हारच्या लेखानुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचं मृत्यूचं प्रमाण पेटीमुळे ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आलं. आकडा खरा आहे, पण ही आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं यांची तुलना आहे. एकाच वेळी काही बाळं पेटीत आणि काही बाहेर, अशी नाही. पेटी आली की बाळाकडे दर दोन तासांनी कुणीतरी बघू लागलं, त्याचा वाटा किती, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. दुसरं, हिशेब इस्पितळातून बाहेर पडेपर्यंतचा. घरी गेल्यावर बाटलीच्या दुधानं किती दगावली ते त्यात नाही. ब्युदांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी १८९२ मध्ये शारिते इस्पितळात घरी गेलेल्या बाळांसाठी साप्ताहिक तपासणी सुरू केली होती. वजन करायचं, आईला अंगावर पाजायला उद्युक्त करायचं, नाइलाज असेल तर उकळून निर्जंतुक केलेलं गायीचं दूध.

नळीच्या पद्धतीचं श्रेय या ६६-३८ ला देऊ नका, लेख १८८३ चा आहे आणि नळी १८८४ ची.

अवांतर: ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे आपल्याकडे आजही ऐकू येतं. युरोपातही ग्रीक वैद्यांच्या काळापासून हीच समजूत होती. तार्निएंच्या तक्त्यात पेटीसह काय किंवा पेटीशिवाय काय, प्रत्येक वाढत्या पंधरवड्याला जगण्याचं प्रमाण वाढतच जातं, आठव्याला कुठेही खड्डा नाही. प्रदर्शनात आजीआजोबा येतीलच, हा मुद्दा हाताशी असू द्या.

चवन्नी_तिकीट

जत्रेचं पूर्ण खरं आहे, आणि ती एखाद्या वर्षाची गंमत नव्हती, जवळजवळ पन्नास वर्षं चाललं.

नीसचे आलेक्सांद्र लिओं यांनी १८९० च्या आसपास धातूची पेटी काढली. पुढे काचेचं दार, बिछान्याखाली गरम पाण्याची वळसे घेणारी नळी, बाजूला बंब, आणि आच कमीजास्त करणारा थर्मोस्टॅट. हवा खोलीतली नाही, इमारतीबाहेरून पाइपनं आणलेली आणि गाळलेली. ओव्हारच्या पेटीला जागती बाई लागे, ही पेटी बऱ्यापैकी स्वतःला सांभाळी. पण महाग. गोरगरिबांच्या बाळांसाठी पैसा कुठून आणायचा? लिओंनी शहरांत रस्त्यालगतच्या गाळ्यांत पेट्या मांडल्या आणि बघणाऱ्यांकडून ५० सांतीम घेतले. पॅरिसचा गाळा बूलव्हार प्वासोनिएरवर होता.

१८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात हा प्रकार तुफान चालला. तिथूनच अशी प्रदर्शनं भरवणारे मार्टिन कूनी यांचं नाव पुढे येतं. १८९७ ला लंडनचं अर्ल्स कोर्ट, १८९८ ला ओमाहा, १९०१ ला बफेलो, आणि १९०३ पासून न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर कायमचा मुक्काम, थेट १९४३ पर्यंत. तिकीट २५ सेंट. आईबापांकडून एक पैसा नाही. परिचारिका, दाया, दूध, कोळसा, सगळं तिकिटावर. कूनी स्वतःला ब्युदांचे शिष्य म्हणवत, त्याला पुरावा मिळत नाही, वैद्यकीय पदवीचाही नाही. पण तिथली व्यवस्था कडक होती. सुमारे ८,००० बाळं आली आणि ६,५०० वाचली असा त्यांचाच दावा आहे, तो दावा म्हणूनच लिहा. आलेली बाळं प्रवास सोसण्याइतकी तरी तगलेली असत, पहिल्या काही तासांत जाणारी या हिशेबात येतच नाहीत.

बाजू दुसरीही आहे. लंडनच्या यशानंतर हौशेगवशे घुसले. फेब्रुवारी १८९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं अग्रलेखात खरपूस समाचार घेतला, की दाढीवाली बाई आणि जंगली जनावरं यांच्या शेजारी बाळं मांडणं विज्ञानाला शोभतं का. आणि १९०४ चं सेंट लुइस तर वस्तुपाठच आहे. ते कंत्राट कूनींना न मिळता दुसऱ्याला मिळालं. ऐन उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली आणि बाळं पटापट दगावली. मग जॉन झाहोर्स्की या बालरोगतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी प्रेक्षक आणि पेट्या यांच्यामध्ये काचेची भिंत घातली, दुधाची शिस्त लावली, आणि १९०५ मध्ये सगळा अनुभव पुस्तकरूपानं छापला. पेट्या त्याच होत्या, बदललं ते दूध आणि बाळांजवळची वर्दळ.

माझं मत विचाराल तर तमाशा होताच, पण त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक इस्पितळांत अशा बाळाला बाजूला ठेवून देत, हे विसरून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

टाकणखार

अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं, सगळ्यांचे आभार. ६६-३८ च्या खाली ‘आधी-नंतरची तुलना’ असं लिहायला सांगतो.

दोन शंका. एवढं सगळं १९०० पर्यंत माहीत होतं, तर इस्पितळांनी लगेच का उचललं नाही? आणि प्रतिकृती उभी राहिली आहे, पण धुराड्यातली चकरी ढिम्म हलत नाही. पुठ्ठ्याची पाती, टाचणीवर बसवली आहेत. बाटल्या उकळत्या पाण्याच्या, आत ३३ दाखवतो, तरी नाही.

रात्रपाळी

पहिल्याचं उत्तर थोडक्यात: पेटी विकत मिळते, दाया आणि रात्रपाळी विकत मिळत नाही. अमेरिकेत इस्पितळांनी पेट्या घेतल्या, पण प्रशिक्षित परिचारिका आणि आईचं दूध यांची सोय केली नाही. बाळं तापली, वाळली, संसर्गानं गेली, आणि ठपका पेटीवर आला. १९१० च्या सुमारास बऱ्याच ठिकाणी त्या अडगळीत गेल्या. गाडी रुळावर आली ती शिकागोत. ज्युलियस हेस यांनी विजेवर तापणारा, पाण्याच्या दुहेरी भिंतीचा पाळणा केला, १९२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर ग्रंथ लिहिला, आणि एव्हलिन लुंडीन या परिचारिकेनं विभागाला अशी शिस्त लावली की लोक शिकायला येऊ लागले. नावात डॉक्टर नसलेली ही दुसरी व्यक्ती फलकावर घ्या.

पुढचा भाग मुलांना जरूर सांगा, कारण सुधारणाही अंगाशी येते. १९४० च्या दशकात हवाबंद पेट्या आल्या आणि निळ्या पडणाऱ्या बाळांना मुबलक ऑक्सिजन देता येऊ लागला. १९४२ मध्ये बॉस्टनच्या टेरी यांनी अशा बाळांमधलं एक नवं अंधत्व नोंदवलं. कारण सापडायला दहा वर्षं गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ इस्पितळांनी मिळून केलेल्या चाचणीनं ते पक्कं झालं. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली होती. मग सरसकट ४० टक्क्यांची मर्यादा घातली, तर श्वासाच्या त्रासानं मरणारी बाळं वाढली. रक्तातला ऑक्सिजन मोजता येईपर्यंत हा तिढा सुटला नाही.

आणि शेवगा म्हणाले तशी खरी, एकाच वेळची तुलना ऊबेच्या बाबतीत झाली ती थेट १९५८ मध्ये, न्यूयॉर्कच्या सिल्व्हरमन यांच्याकडे. पेटीतली हवा काहींना २८.९ अंश, काहींना ३१.७. फरक तीन अंशांहून कमी. जगण्याचं प्रमाण ६८ विरुद्ध ८३ टक्के. ओव्हारनी ७५ वर्षांपूर्वी बाटल्यांवर जे ३१-३२ धरलं होतं, तेच.

आपल्याकडचा धागा जोडायचा असेल तर ओढूनताणून नको. दाईच्या दुधाची आजची आवृत्ती म्हणजे मानवी दुग्धपेढी, आशियातली पहिली मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ऊबेसाठी पेटी नसताना आईच्या छातीशी बाळ बांधायची पद्धत बोगोटामध्ये १९७८-७९ ला रे आणि मार्तिनेझ यांनी सुरू केली, कारण तिथे एकेका पेटीत दोन-तीन बाळं झोपवावी लागत होती. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच बाईला घरी जाऊन बाळाचं वजन करायला, उबदार ठेवायला आणि स्तनपान सुरू करून द्यायला शिकवलं. तीन ओळी पुरेत.

तांब्याची_किटली

चकरीचं सांगतो. दोष पुठ्ठ्याचा थोडा, हवामानाचा जास्त. धुराड्यातला ओढा आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या तापमानाच्या फरकावर चालतो. पॅरिसच्या खोलीत १७ अंश आणि आत ३२, म्हणजे १५ अंशांचा फरक. तुमच्या वर्गात २९-३० असेल तर फरक तीन-चार अंशांचा. त्यावर पुठ्ठा कसा हलणार.

आधी हवा वाहते का ते बघा. खालच्या छिद्रापाशी पेटती अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला किंवा सरळ वर गेला तर झाकण गळतंय, गरम हवा धुराडं सोडून कडेनंच निसटते आहे. झाकणाच्या कडेला नमद्याची पट्टी चिकटवा, बाटल्यांचं दारही तसंच बसवा. खालचं छिद्र वरच्याहून लहान असेल तर मोठं करा. फट आणि छिद्र समोरासमोरच्या टोकांना आहेत ना तेही पाहा. एकाच टोकाला असतील तर हवा बाटल्यांना न शिवताच वर जाते.

मग चकरी. पुठ्ठा काढून चॉकलेटच्या चंदेरी कागदाची पाती करा, प्रत्येकाला सारखाच पीळ. टाचणी आरपार घालू नका, तिथे घर्षण होतं. शिवणाची सुई उभी रोवून तिच्या टोकावर मधे खोलगट केलेली चकरी नुसती ठेवा. धुराड्यावर कागदाची फूटभर नळी चढवली की ओढा आणखी वाढतो.

एवढं करूनही दुपारी फिरली नाही तर प्रदर्शनाची वेळ सकाळची मागून घ्या, किंवा एसी असलेली खोली. आणि ३३ जास्त आहे, एक बाटली काढा. स्पंज भिजवल्यावर पिळून घ्या, नाहीतर काचेवर आतून वाफ धरते आणि थर्मामीटर वाचता येत नाही.